नव्या भाताचं ताट

पोशेरा, ता. मोखाडा
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय सुदर्शनदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे भात झोडून झाला, नागली अजून खळ्यात आहे. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरलाय. निशाचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे शाळेत तोंड उघडत नाही आणि घरी आली की मिटत नाही.

तू लिहिलंस, ‘दाजींना समजावून सांग, अशा सवयी वेळीच सुटतात.’ ते वाचून मी यांच्याशी बोलणंच टाकलं. माझा शिकलेला भाऊ, यांच्याच कंपनीत कारकून. तो उगाच कशाला लिहील?

हे घरी आले तेव्हा ‘काढलं कामावरून’ एवढंच म्हणाले होते. बाकीचं त्यांच्या जोडीच्या सोम्याने सांगितलं. सकाळी गेटवरच सगळ्या फोर्कलिफ्टवाल्यांना उभं केलं आणि प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या डबीत लघवी भरून आणायला लावली. डबीलाच पट्ट्या असतात. गांजा, अफू, नशेच्या गोळ्या, सगळं तिथल्या तिथे कळतं म्हणे. लाल रेघ उमटली तर माणूस साफ. यांच्या डबीत एका पट्टीवर रेघ आलीच नाही. डब्यांवर नावं चिकटवायला टेबलापाशी तूच होतास.

गावात बातमी यांच्याआधी पोचली. ठकी विहिरीवर मला म्हणाली, ‘मीने, तुझा घरवाला गर्द पितो ना गं?’ जव्हारच्या जीपवाल्याने यांना ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं, त्यानेही नको म्हणून निरोप पाठवला. गाडी चालवण्याशिवाय यांना दुसरं काय येतं, तूच सांग.

मग नव्याचा दिवस आला. सासूबाईंनी नवा भात देवाला दाखवला, सगळ्यांना वाढला. यांनी ताट बाजूला सारलं. ‘माझ्यावरचा डाग जाल तवा खान,’ म्हणाले. तेव्हापासून नुसती नागलीची भाकर खातात. नवा भात समोर ठेवून आपल्यात कोणी खोटं बोलत नाही, खोटं पोटात ठेवून तो खातही नाही, हे तुला काय सांगायचं. तूही तोच भात खाऊन मोठा झालास. मी मात्र तेव्हा हादरले. यांचे कामाचे कपडे काढले, खिसे उलटे केले.

खिशात गोळ्यांचं पाकीट निघालं. कात्रीने कापलेलं, नावाची बाजू नसलेलं. ते मी लगेच ओळखलं, दादा. भाऊबिजेला आमच्या ओट्यावर बसून तू माझ्याकडूनच कात्री मागून घेतली होतीस. यांची कंबर धरली होती म्हणून अर्ध्या गोळ्या यांना दिल्यास. ‘कंपनीच्या डॉक्टरला सांगू नका, उगाच घरी बसवतील, मी आहे ना,’ म्हणालास. उरलेल्यातल्या दोन तू स्वतः चहाबरोबर घेतल्यास. मी ओवाळत होते तेव्हा तू पाटावरच पेंगत होतास. मी समजले, दगदग झाली असेल.

जव्हारच्या मेडिकलवाल्याला दाखवलं. तो गोळीवरूनच ओळखून म्हणाला, ही दुखण्यावरची खरी, पण नशेचीही आहे, चिठ्ठीशिवाय देत नाहीत.

यांना मी समोर बसवून विचारलं. म्हणाले, ‘साहेबानी इचारला, काय औषध घेतो का? मी दादांकडं बघला. त्यांनी हळूच ‘नाय’ म्हणून मान हलवली. मंग मी नाय बोललो.’

‘आणि नंतर तरी सांगायचं होतं.’

‘तुझा भाऊस हाय तो.’

बघ, तुझ्या दाजींनी तुला कसं झाकलं. आणि तू मला पत्र लिहून यांचं व्यसन सोडवायला निघालास. ऑफिसातल्या माणसांना डबी देत नाहीत, म्हणून तुझं निभावलं. तू घाबरलास हे मला समजतं. तुझी नोकरी गेली असती. पण मग गप्प बसायचं होतंस. ते पत्र का लिहिलंस? माझ्याच नवऱ्याबद्दल माझ्या मनात विष कालवताना तुला काहीच वाटलं नाही? संताप येतो, आणि पाटावर पेंगणारा तू आठवलास की रडूही येतं.

साहेबाकडे जाऊन खरं सांग. मग इकडे ये, तुझ्या गोळ्यांचंही काहीतरी बघू, मी बरोबर येईन दवाखान्यात. आणि सांगायचं नसेल, तरी एकदा ये. नवा भात मी राखून ठेवलाय. यांच्या शेजारी तुझं ताट मांडीन. तू जेवलास तर समजेन, मला भाऊ नाही.

वाट बघणारी,
मीना