खिडकीची उजवी कड

प्रिय धाकटोबा,

मुद्रितं संगणकावर तपासता यावीत म्हणून तू खास माझ्यासाठी लिहिलेल्या एडिटर प्रोग्रॅमविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवायची म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. कलम पहिलं आणि शेवटचं: खिडकी पूर्ण उघडत नाही. उजवीकडून चांगली चार बोटं कापलेली असते. आणि संस्कृत ओळीच्या उजव्या टोकाला काय असतं? बहुधा विसर्ग. तुझ्या खिडकीने एकाच प्रकरणात माझे अकरा विसर्ग गिळले, असं छापखान्याने कळवलं. सव्वीस वर्षं मुद्रितं तपासतोय, एवढे विसर्ग एकूण मिळून सुटले नसतील. छापखान्याचा मालक फोनवर इतक्या नम्रपणे बोलला, की त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तू सांगितलेले सगळे उपाय मी श्रद्धेने केले. कोपऱ्यातल्या चौकोनावर टिचकी मारून खिडकी पडदाभर केली. कड माउसने धरून ओढली, तर सगळी खिडकीच पडद्याबाहेर गेली. तिची मनधरणी करण्यात एक सकाळ गेली. ‘मागचा आकार लक्षात ठेवा’ समोरची खूण काढली. सेटिंगची फाइल पुसून एडिटर नव्याने बसवला. पूर्वपक्ष भक्कम, सिद्धान्त काही हाती येईना. मग तू कळवलंस, की दोष तुझ्या पडद्यात असेल, दादा. मला ते लगेच पटलं. आपल्या घरात दोष नेहमी चौकटीचाच असतो.

बाबा आठवतात ना? मधल्या दाराला उजवा खांदा आपटायचा आणि सुताराचा उद्धार व्हायचा. शेवटी दार दोन इंच रुंद करून घेतलं, तरी खांदा आपटायचाच. आपण मागे उभे राहून हसायचो. तू तर हुबेहूब नक्कल करायचास. पुढे ते पुस्तक तिरपं धरून वाचू लागले, मग वाचेनासेच झाले. वय झालं, असं आपण म्हटलं. परवा हिशेब केला, तर त्या वेळी ते माझ्या आजच्या वयाचे होते.

मागच्या मंगळवारी तुझी वहिनी शिवणाची टेप घेऊन आली. खिडकी मोजली, पडदा मोजला. दोन्ही सारखे भरले. मग मला उठवून माझ्या खुर्चीत बसली आणि अडखळत एक ओळ वाचली, अगदी टोकापर्यंत. तिथल्या दोन टिंबांवर बोट ठेवून म्हणाली, “अहो, खिडकी पूर्ण आहे.” एवढंच. त्यानंतर माझ्या उजव्या हाताशी असलेला चहाचा कप उचलून तिने डावीकडे ठेवला. त्या पंधरवड्यात मी तीन कप फोडले होते, आणि ती एकदाही बोलली नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने मुकाट्याने कुरतडत आत येतो. गेलं ते परत येत नाही. उरलेलं थेंबांनी राखता येतं. ते थेंब वहिनी वेळेवर घालते, माझ्यावर तिचा विश्वास नाही. डॉक्टरांनी वडिलांविषयी विचारलं, मी दाराची गोष्ट सांगितली. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, भावंडं किती?

तेव्हा तक्रार मागे घेतो. तुझा एडिटर निर्दोष आहे. पण तुझ्या गेल्या पत्रात तू गंमत म्हणून लिहिलं होतंस, की गाडीचा उजवा आरसा दुसऱ्यांदा फाटकाला लागून फुटला आणि फाटक रुंद करायला तू गवंडी बोलावतो आहेस. गवंड्याला थांबव. तू त्या घरात राहायला गेलास, तेव्हा सामानाचा ट्रक त्याच फाटकातून आत आला होता. मी बाजूला उभा राहून पाहिला आहे. फाटक पुरेसं रुंद आहे. याच आठवड्यात डोळे तपासून घे, आणि तोवर गाडी चालवू नकोस. माझे विसर्ग दुसरं कोणी पाहील. मला काळजी वाटते ती तुझी.

तुझाच,
दादा