बिरदेवाचं यान

मु. मुठा, ता. मुळशी
१८ फेब्रुवारी २००४

चिरंजीव बिरदेवास ताईचा आशीर्वाद.

हितं समदी खुशाल. तुझ्या हापिसात फोन लावला की एक बाई इंग्रजीतच बोलाया लागती, म्हणून लिहितीया. काळ्या शेळीला दोन करडं झाली. आबांचं बरं हाय.

तुझी सीडी मिळाली. पिरंगुटला वाल्मीकच्या कम्प्युटरच्या दुकानात जाऊन बघितली. काय रं ते यान! कम्प्युटरवरच आधी सांगाडा करायचा, मग त्याच्यावर कातडं चढवायचं, असं तू सांगितलंस तवा मी हसले व्हते. आता न्हाई हसत. दाराच्या बिजागरीला घासून चकाकी आलीया, इंजनाच्या तोंडाला काजळी धरलीया. बिरदेवा, तुझ्या हाताला देवानं काय दिलंय रं!

एकली गेले नव्हते. आबा व्हते. मी न्हेलं न्हाई, त्यांनीच जीप थांबवली. कारखान्यातली कायमची नोकरी सोडून तू कम्प्युटरच्या खेळातली यानं करायला हिंजवडीला गेलास, तवापासनं त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. मी काय इचारलं न्हाई. त्यांच्या मागनं जीपमदी चढले.

यानाच्या पोटाला ऊन लागू नये म्हणून जाड कापड गुंडाळलंयस ना, त्याला नाक टेकवून आबा वरडले, "ही माझी घोंगडी!" मी म्हनलं, कायतरीच! तर काचेवर बोट ठिवलं. "हा टाका माझा. काळ्यावर पांढरा, वाकडा." मग मला सांगावंच लागलं, की दिवाळीत ते रानात गेल्यावर तू घोंगडी उन्हात टाकून फोटू काढलेस. "येडंच हाय," म्हणले. "समदं एवढं झ्याक केलं, आन् माझा वाकडा टाका तसाच ठिवला."

वाल्मीकनं इचारलं, कुनी केलंय हे? "माझ्या पोरानं." दोनदा म्हणले. मला रडूच फुटलं रं.

आबांचं बरं हाय असं लिहिलं, ते खरं न्हाई. काचबिंदू हाय. एक डोळा गेला, दुसऱ्यापुढं धुकं. डाक्टर म्हणला, हाय ती नजर टिकली तर टिकली. म्हणूनच निघाले ते. "दिसतंय तवर बघू दे," म्हणले. तुला कळवायचं न्हाई असा दम दिलाय मला.

आत्ता शेजारीच बसलेत. काय लिहितीस म्हणले, तर समदं वाचून दावलं. चिडतील वाटलं. त्यांनी कागद चाचपला. मग म्हणले, "खाली माझं बी नाव घाल."

तुझी ताई नंदा
आन् तुझा आबा