कोपऱ्यातली टाकी

प्रिय आई,
इथूनच पाया पडते.

मत्स्यालयातलं काम आता अंगवळणी पडलंय. काचा पुसायच्या, माशांना खायला घालायचं. तू विचारलंस, कुणाशी ओळख झाली का. झाली. कोपऱ्यातल्या टाकीत एक ऑक्टोपस आहे. साहेब दिसले की त्यांच्यावर पाण्याची पिचकारी मारतो. मी झाकण उघडलं की हळूच एक पाय माझ्या मनगटाला गुंडाळतो.

मध्ये जरा ताप आला होता, आता नाही. कामावर परत गेले तर साहेब म्हणाले, "सुट्टीवर होतीस? लक्षातच आलं नाही." ऑक्टोपस मात्र तोवर एकाही खेकड्याला शिवला नव्हता. माझ्या हातून लगेच खाल्लं.

बाबांचा गुडघा कसा आहे?

काळजी करू नकोस. तू माझ्यासाठी जेवायची थांबायचीस ना, तसं इथेही कुणीतरी थांबतं.

तुझी,
धाकटी