बोर्डो मलम

बाबा, काल भावाने माझं मनगट मोडलं, म्हणून हे डाव्या हाताने लिहिते आहे. तो आता तुमच्याएवढा उंच झालाय. शेंदूरजनाघाटच्या स्वयंपाकघरात मी त्याच्या ताटाशी गोळी ठेवली, तर त्याने वरवंटा उचलला. "जहर देऊन राह्यली काय मले?" एवढंच म्हणाला आणि हाणला. मोठेबाबा, तुमचे थोरले भाऊ, दोर घेऊनच धावत आले. "बांधा त्याले झाडाले. ह्याच्या बापालेबी बांधलंच होतं." आवाजात राग नव्हता. बागेतलं काम सांगावं तसे बोलले.

तो दिवस मला नीट आठवतो. तुम्ही संत्री तोडायची कात्री आईच्या खांद्यात खुपसली होती, कारण तिच्या बांगड्या तुमच्याविरुद्ध बोलत होत्या. मोठेबाबांनी तुम्हाला बांधावरच्या कडुलिंबाला बांधलं आणि डोकं भादरलं. डिंक्या रोगाने संत्र्याच्या खोडातून डिंक गळायला लागला की ते साल खरवडतात, सडलेलं काढतात आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावतात. त्यांच्या हातची झाडं जगतात. "आतलं सडकं बाहेर निघालं पायजे," ते म्हणतात, आणि वस्तरा तुमच्या टाळूवर आडवा फिरतो. निळं मलम रक्तात मिसळून कानामागे उतरतं. तुम्ही किंचाळता. "थांब ना रे भाऊ, झालंच आता," म्हणता म्हणता ते स्वतःच रडायला लागतात, पण हात थांबत नाही.

पुढच्या बहाराला तुम्ही विहिरीत गेलात. झाडं फळांनी वाकली होती, तरी समाचाराला येणारा प्रत्येक जण कर्जाचंच विचारत होता. त्या वर्षांत आमच्याकडे शेतकऱ्याच्या मरणाचं दुसरं कारण कुणाला सुचतच नव्हतं.

मी आता अकोल्याला प्रयोगशाळेत रक्त तपासते. तुम्हा दोघांच्या या आजारात मेंदूच्या एका खोल भागात डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर वाढतो, मग बांगडीच्या किणकिणीलाही अर्थ चिकटतो. बरीचशी औषधं तो जोर कमी करतात. काही रुग्णांच्या रक्तात दाहाच्या, म्हणजे अंगात कुठेतरी सूज असल्याच्या, खुणाही सापडतात, सगळ्यांच्या नाही. दाह आधी की आजार आधी, हे अजून ठरलेलं नाही. वॉर्डात घेतलेल्या भावाच्या रक्तात आज दाह थोडा वाढलेला निघाला. पण मी मध्ये पडेपर्यंत दोराने त्याची कातडी सोलली होती, आणि तेवढ्यानेही तो वाढतो. त्यावरून मी काहीच म्हणू शकत नाही.

"दोर सोडा, मोठेबाबा. गाडी काढा," मी म्हणाले. ते माझ्या लोंबत्या हाताकडे पाहत राहिले. "तुलेच मारलं ना त्यानं?" म्हणाले, आणि चावी आणायला गेले.

अमरावतीच्या वाटेवर भाऊ माझ्या कानाशी वाकला. "बाबा बोलून राह्यले." तो आवाज कुठे तयार होतो, ते मला माहीत आहे. तरी मी हळूच विचारलं, "माह्याबद्दल काई म्हणाले?"

त्याने मान कलती करून ऐकलं. "नाई. तुह्यं नावच नाई घेतलं."

वॉर्डात डॉक्टरांनी आवाजांबद्दल विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, हे एवढं सोडून. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, म्हणून मला वाईट वाटलं होतं, बाबा.