एका नगाला एक नाव

दापोडी, पुणे
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

ती. शालनआक्का हिस,
साहेबरावचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

परवा दुपारी मी कंपनीत खांबाआड उभा राहून एका माणसाची प्रार्थना चोरून ऐकली. पन्नाशीला आलेल्या माणसाने असं करू नये, पण झालं खरं.

आपल्या मंडळीतला भिवा तुला आठवत असेल. मागे तू आली होतीस तेव्हा त्याच्या कस्तुराने तुझ्यासाठी मेथीचे वडे आणले होते. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो आणि महाळुंग्याला माझ्याच कंपनीत आहे. मागच्या वर्षापर्यंत तो छिद्रं पाडण्याच्या मशीनवर होता. आता टेबलाशी बसून कानशीने नगांच्या धारदार कडा घासतो. एका शिफ्टला चारशे-साडेचारशे नग. हलकं काम समजतात ते. नवीन पोरांना देतात.

मी कसल्याशा मापाचा कागद शोधत तिकडे गेलो होतो. भिवाचे ओठ हलताना दिसले. मशीनच्या आवाजात त्याला वाटलं असेल कोणी ऐकत नाही. दर नगाला तो एक नाव घेत होता. येशू, कस्तुराच्या गुडघ्याला हात लाव, की नग खाली. येशू, गेटवरच्या वॉचमनच्या पोरीला स्थळ मिळू दे, की दुसरा खाली. बसचा ड्रायव्हर फार जोरात ब्रेक मारतो, त्याला जरा शांती दे. कँटीनच्या आचाऱ्याला मिठाचा अंदाज दे. हसू यावं अशी प्रार्थना, पण म्हणणारा हसत नव्हता. आणि मग एका नगाला त्याने माझं नाव घेतलं. साहेबराव. पुढे काही मागितलं नाही. नुसतं नाव घेतलं, कडा घासली, नग ठेवला.

मी कागद न शोधताच परत आलो.

आक्का, दादांनी आपल्याला लावून दिलेली शिस्त मी मोडलेली नाही. दिवसाचा पहिला शब्द माणसाशी नाही, येशूशी. चारला उठतो, तासभर गुडघ्यावर असतो. विजयश्री म्हणते, तुमचं आमेन होईपर्यंत माझा चहा दोनदा उकळतो. पण खरं सांगू, कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला पोहोचेपर्यंत सगळं वाळून गेलेलं असतं. भिवाचं मात्र शिफ्टच्या सातव्या तासालाही ओलं. दिवसभर येशूला धरून कसं राहायचं, हे तू गावोगाव फिरून बायकांना शिकवलंस. भावालाही सांग.

बाकी क्षेम. सात तारखेला ओव्हरटाइम होता म्हणून उपासनेला जाता आलं नाही. तुझं कानाचं यंत्र डबीतच आहे, असं कळलं. ते कानात घालायचं असतं.

तुझ्या आठवणीत असलेला,
साहेबराव


मु. पो. वडाळा, ता. नेवासे
२९ सप्टेंबर २०२५

चि. साहेबास,
शालनआक्काचे पोटभर आशीर्वाद. प्रभूची शांती तुझ्या घरावर असो.

पत्र मिळालं. यंत्राबद्दल पुन्हा लिहू नकोस. ते घातलं की शेजारच्या कोंबड्यासुद्धा माझ्याशी भांडतायत असं वाटतं. तुझी अक्षरं मला नीट ऐकू येतात, तेवढं पुरे.

भिवाचं वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकवीस वर्षं बायबलबाई म्हणून मी सायकलवर आणि पायी हिंडले, पण कामात प्रार्थना अशी पेरलेली दोनदाच पाहिली. एक आपली आई जात्यावर. दुसरा हा तुझा भिवा. त्याला माझा सलाम सांग. कस्तुराला सांग, वडे अजून जिभेवर आहेत.

आता तुझं. तू मला विचारतोस, दिवसभर येशूला धरून कसं राहावं. लेका, मला उत्तर माहीत आहे, पण आधी मी एक विचारते. तुझी पत्रं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवते, हे तुला ठाऊक आहे. काल सगळी काढून वाचली. जूनच्या एक तारखेला तुला ओव्हरटाइम. जुलैच्या सहाला ओव्हरटाइम. ऑगस्टच्या तीनला ओव्हरटाइम. आता सप्टेंबरची सात. मागच्या वर्षाचीही तीच गत. महिन्यातले बाकीचे रविवार तू उपासनेला असतोस, प्रवचन काय झालं तेही लिहितोस. फक्त पहिला रविवार तुझ्या कंपनीला तुझ्यावाचून चालत नाही.

म्हातारीला वाटेल पहिला काय नि दुसरा काय, असं तुला वाटलं असेल. अरे, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि आमच्या मंडळीत त्याची भाकर मी भाजते. पहिला रविवार मी विसरेन का?

तुझ्या आणि त्या मेजाच्या मध्ये कोण उभं आहे, ते लिही. आणि भिवा मशीनवरून कानशीवर का आला, तेही लिही. तू ते सांगितलं नाहीस. तू बारीकसारीक सांगणारा माणूस आहेस.

रागावले नाही. विजयश्रीला साखर सांभाळायला सांग.

तुझी आक्का,
शालन


दापोडी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. शालनआक्का हिस,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि चाकणपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो. पाच तारखेला पुन्हा ओव्हरटाइमला गेलो. यादीत नाव आधीच दिलं होतं. आता लपवून काय करू?

मागच्या वर्षी जुलैतली गोष्ट. तुला माहीत आहे, मी तपासनीस आहे. शिफ्ट सुरू झाली की मशीनमधून निघालेला पहिला नग मी मोजतो. छिद्रात गेज घालून बघायचा, बरोबर असेल तर हिरव्या चिठ्ठीवर सही करायची. मग ऑपरेटर पुढचे शेकडो नग काढतो. पहिला चुकला तर सगळे चुकतात.

त्या सकाळी माझी प्रार्थना लांबली. फार गोड वेळ होती ती, आक्का. उठावंसं वाटेना. बस चुकली. रिक्षा, मग टेम्पो करत पोहोचलो तेव्हा भिवाचं मशीन माझ्यासाठी थांबलं होतं आणि सुपरवायझर ओरडत होता. मी गेज न लावता सही केली. रोज बरोबर येतं, आजही येईल, असं वाटलं. छिद्र मोठं होतं. संध्याकाळपर्यंतचे सगळे नग भंगारात गेले.

चौकशीत मी म्हणालो की मी तपासूनच सही केली, नंतर भिवाने सेटिंग हलवली असेल. असेल, एवढंच म्हणालो. भिवाने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. त्याला मशीनवरून काढून टेबलावर बसवलं. सात वर्षांचा ऑपरेटर तो.

खोटं बोललो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी पाचऐवजी चारला उठू लागलो. वाटलं, प्रार्थना वाढवली की भरून निघेल. पण प्रभुभोजनाला बसवेना. त्याच रांगेत भिवा असतो. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, हे वचन तर लहानपणापासून पाठ आहे. म्हणून ओव्हरटाइम.

आणि भिवा काय करतो? गेल्या हिवाळ्यापासून रोज सकाळी बसमध्ये शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरतो. मी मागे जाऊन झोपेचं सोंग घेतो.

खरं बोललो तर तपासनीसाचं काम जाईल. वीस वर्षांपूर्वी झाडू मारण्यापासून सुरुवात केली, तेव्हा कुठे ते मिळालं. विजयश्रीलाही अजून सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा लिहितोय.

तुझा,
साहेबराव


वडाळा
२४ ऑक्टोबर २०२५

चि. साहेबास,
आशीर्वाद.

थोडकं लिहिते. तू येशूशी रोज तासभर बोलतोस, आणि एवढी एक गोष्ट सोडून सगळं बोलतोस. तो ऐकून घेत असेल, त्याची सहनशीलता मोठी. पण मग मोशीपर्यंत सगळं वाळतं म्हणून तक्रार करू नकोस. आडात भरपूर आहे बाबा. तुझ्या पोहऱ्याला भोक आहे.

उद्यापासून चारला उठू नकोस. पाचला ऊठ, पहिला शब्द येशूशी बोल, आणि दुसरा भिवाशी.

काम जाईल याची भीती खरी आहे. ती मी खोटी म्हणत नाही. दादांचा पगार थांबला होता तेव्हा आपण कण्या खाल्ल्या, त्या मला आठवतात, तू पाळण्यात होतास. पण दादांनी मेज चुकवलं नाही.

विजयश्रीला आज सांग. बायकोपासून लपवलेलं ओझं माणूस दुप्पट वाहतो.

पत्राचं उत्तर लगेच नको. आधी कर, मग लिही.

तुझी,
शालनआक्का


दापोडी
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

ती. शालनआक्का हिस,
तुझ्या लहान्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तू म्हणालीस तसं आधी केलं, आता लिहितो.

विजयश्रीला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटायचं तुम्ही माझ्यावरच रुसलाय. वर्षभर तिला असं वाटत होतं, आणि मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून जगासाठी प्रार्थना करत होतो.

मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला, बसमध्ये चढलो. भिवाने पिशवी ठेवलीच होती. ती उचलून मांडीवर घेतली आणि बसलो. त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला की आज झोप झाली वाटतं. भोसरी सुटल्यावर मी बोलायला लागलो आणि मोशी येईपर्यंत सगळं सांगून संपवलं.

इंद्रायणीच्या पुलावर भिवा म्हणाला की त्याला हे त्याच दिवसापासून माहीत होतं. गेजची पेटी त्याच्याच मशीनवर असते, आणि त्या सकाळी तिचं झाकण कोणी उघडलेलं नव्हतं. मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं. सही तुझी होती राव, माझ्याकडे नुसतं तोंड होतं, असं म्हणाला.

मी त्याला टेबलावरच्या प्रार्थनेचं विचारलं. चोरून ऐकल्याचंही कबूल केलं. आक्का, त्यावर तो जे म्हणाला ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाला, भाऊ, मला संत करू नको. पहिले चार महिने मी दर नगाला तुझंच नाव घ्यायचो, आणि त्याच्या मागे एक शिवी. चारशे नगांना चारशे. कस्तुरा म्हणायची, तुम्ही झोपेतपण कानस चालवता. मग शिव्या संपायला लागल्या. त्याच त्याच देऊन कंटाळा आला. एक दिवस नग हातात घेतला, तुझं नाव घेतलं, आणि पुढे काही सुचेना. नुसतं नाव राहिलं. तेव्हा येशूला म्हटलं, आता याचं काय करायचं ते तू बघ. तुझं नाव असं रिकामं सुटल्यावर मग दुसऱ्यांची यायला लागली.

मी त्याला इतके दिवस थोर समजत होतो. आता त्याहून थोर समजतो.

मॅनेजरकडे माझ्याबरोबर येतोस का, असं विचारलं. तो म्हणाला की तुला पाय आहेत, माझ्या टेबलावर माल पडलाय. एकटाच गेलो. कागदावर सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं आणि एवढ्या उशिरा कोणी दबाव आणला का, असं विचारलं. कोणी नाही म्हणालो. ते खरंही होतं आणि खोटंही. तुझा दबाव काय कमी असतो?

तीन दिवस घरी बसवलं. सही करायचा अधिकार काढून घेतला. भिवा सोमवारपासून परत मशीनवर गेला, आणि त्याचं टेबल मला मिळालं. कानशीच्या मुठीला त्याने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून ठेवली होती, नाहीतर पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात म्हणे. मला नगांचा वेग जमत नाही. पोरं हसतात. नावं मात्र जमायला लागली आहेत. काल सातव्या तासाला माझ्या लक्षात आलं की मोशी कधीच मागे गेली.

रविवारचं मुद्दाम शेवटी ठेवलं. दोन तारखेला ओव्हरटाइमच्या यादीत माझं नाव होतं, ते मी खोडून आलो होतो. भिवाच्या रांगेत बसलो. आमच्या इथली भाकर तुझ्या भाकरीसारखी मऊ नसते. ताट रांगेतून हातोहात येत होतं. भिवाने आपला तुकडा घेतला आणि ताट माझ्यापुढे धरलं. मंडळीत त्या वेळी कोणी बोलत नाही. तो हळूच म्हणाला, साहेबराव. पुढे काही नाही, नुसतं नाव.

मी भाकर घेतली, आक्का.

तुझ्या प्रार्थनेत मला असाच धरून ठेव.

तुझा,
साहेबा