रेडिएटरमधली हळद

पप्पा, धाकट्याच्या गाडीचं हेड गॅस्केट गेलंय. रेडिएटरचं पाणी इंजिनाच्या तेलात उतरतंय. आज दुपारी उल्हासनगरच्या गॅरेजवाल्यानं तेलाचं झाकण उघडून मला ते दाखवलं. झाकणाच्या आतून पिवळट, दुधाळ थर, थंड चहावर साय धरते तसा. मग रेडिएटर उघडला, तर तिथं तपकिरी चिखल. तो चिखल म्हणजे गळती थांबवायचं औषध. बाटलीत मिळतं, रेडिएटरमध्ये ओतायचं, ते पाण्याबरोबर फिरतं आणि जिथं फट असेल तिथं जाऊन बसतं. धाकट्यानं ते ओतलं आणि गाडी विकून टाकली. उद्या सकाळी घेणारा पैसे देऊन किल्ली नेणार, आणि परवा रविवारी सातवा महिना लागलेल्या बायकोला त्याच गाडीत बसवून माळशेज घाटातून तिच्या माहेरी ओतूरला निघणार.

घेणारा परका नाही. आनंदनगरला आमच्याच कंपनीत तो पॅकिंगला आहे आणि मी डिस्पॅचला. शिरगावला भाड्यानं राहतो. जुनी गाडी बघतोय म्हणाला, तेव्हा माझ्या भावाची विकायची आहे हे मीच त्याला सांगितलं. गेल्या आठवड्यात दोघं नवरा-बायको अंबरनाथला धाकट्याकडे गाडी बघायला आले, मीही गेले होते. धाकटा त्याला म्हणाला, "मेकॅनिक आणायचा तर खुशाल आण." तर तो हसला. "मॅडमच्या घरची गाडी. तिला काय मेकॅनिक दाखवायचा?" बायको मागच्या सीटवर बसून पाय लांब करून बघत होती. फाटलेल्या सीटमधून स्पंज बाहेर आलेला, तो बोटानं आत ढकलत मला म्हणाली, "एसटीत मला लय उलट्या होतात ताई. घाटात तर नकोच. हिच्यात खिडकी तरी माझी राहील."

त्या स्पंजमुळेच आजचं सगळं झालं. गाडी द्यायच्या आधी नवीन सीट कव्हर घालून द्यावीत, माझ्याकडून त्या मुलीला तेवढीच भेट, असं मनात आलं. अर्धा दिवस सुट्टी टाकली, अंबरनाथला जाऊन आईकडून किल्ली घेतली आणि धाकट्याला न विचारता गाडी काढली. अंबरनाथ सुटेपर्यंत गाडी छान चालत होती. उल्हासनगरच्या बाजारात गर्दीत अडकले आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला. काटा थांबेना. गोडसर, करपट वास आला आणि बोनेटच्या कडेनं वाफ निघाली. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, चहा टाकला काय बोनेटमध्ये? आम्हाला पण द्या कटिंग!" मग त्यानंच मला गाडी न्यूट्रलला टाकायला लावली आणि आपल्या रिक्षातून एक पाय बंपरला लावून, ढकलत ढकलत गॅरेजच्या दारापर्यंत आणून सोडलं.

गॅरेजवाला सिंधी, वयस्कर, तोंडाची टकळी चालूच. इंजिन थंड होईपर्यंत त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग रेडिएटरचं झाकण काढलं, बोटावर तो चिखल घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"ये दवाई किसने डाली?"

मी त्याच्या मागच्या फळीकडे बघितलं. तिथं अशाच बाटल्यांची रांग लागलेली. "तुम्हीच विकता की."

"बिकता है तो रखता हूं, साईं. पेट्रोल पंपवाला खुद थोडी पेट्रोल पीता है?" मोठ्यानं हसला, मग हसणं आवरलं. "देखो मॅडम, रेडिएटर टपक रहा है, घर पहुंचना है, तो डालो, मना नहीं करता. ये हेड का मामला है. हेड उतारके घिसके सपाट करने, फेसिंग को भेजना पडेगा, नया गॅस्केट, रेडिएटर खोलके साफ. चार-पांच दिन गाडी खडी रहेगी."

"आणि नाही केलं तर?"

"गांव में घुमाओ, शायद महिनाभर चले. शायद कल बैठ जाए. जाना कहां है?"

"माळशेज. उसके आगे ओतूर."

तो फडक्याला हात पुसत राहिला. "कौन जा रहा है?"

मी सांगितलं. मग तो एवढंच म्हणाला, "तो फिर मुझसे क्या पूछती हो?"

गाडी तिथंच ठेवून, किल्ली पर्समध्ये टाकून मी बाहेर आले आणि रस्त्यावरूनच धाकट्याला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक असावं. आधी हळू बोलत होता.

"ताई, गॅरेजला न्यायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"सीट कव्हर घालायला नेली होती."

"सीट कव्हर! अगं, विकलेली गाडी ती. आता तू तिला काय साडीचोळी करणार का?"

"त्यात औषध टाकलंयस तू. मला सांगितलं का नाहीस?"

"जुनी गाडी आहे, जशी आहे तशी दिली. मेकॅनिक आण म्हटलं होतं की नाही, तुझ्यासमोर?"

"माझ्यामुळे नाही आणला त्यानं."

"मग तू मध्ये पडायलाच नको होतीस." आवाज चढला. दुकानाच्या बाहेर आला असेल. "आज खोलायला टाकली तर तो थांबणार नाही, दुसरी बघेल. मला या महिन्यात दुकानाचं डिपॉझिट भरायचंय, तुला माहितीये. आणि एवढं काय गं? पप्पा पण गळती बुजवायला हळद टाकायचेच ना रेडिएटरमध्ये? तुम्हीच सगळे सांगता, हसून हसून. त्यांनी केलं की गंमत, मी केलं की फसवणूक?"

मी फोन ठेवला, पप्पा. रिक्षानं हेंद्रेपाड्याला घरी येईपर्यंत मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

मी शाळेत आहे, मे महिन्याची सुट्टी आहे. आई स्टोव्हवर भाकरी टाकतेय आणि तुम्ही तिच्या मसाल्याच्या डब्यात चमचा घालताय. ती वर न बघता म्हणते, "अर्धी हळद गाडीला, अर्धी आम्हाला. एकदा तिलाच पाटावर बसवा, म्हणजे सुटले." तुम्ही हळद कागदाच्या पुडीत बांधून वरच्या खिशात ठेवता. मी तुमच्याबरोबर निघते, कारण सुट्टीत मला तुमच्या जीपमध्ये पुढं बसायला मिळतं. बदलापूरच्या स्टँडवर तुम्ही रेडिएटरमध्ये पुडी रिकामी करता, वरून पाणी घालता. जीप भरते. बारवी धरणाच्या रस्त्यानं मुरबाडला जाणारी माणसं, टोपल्या, पिशव्या, एखादी कोंबडी. आणि मग तुम्ही गाडीत बसत नाही. पायरीवर उभे राहता, एका हातानं टप धरून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगता, "जयभीम, रामराम, ऐका. गाडीला हळद लागलीय. धरणाच्या चढाला सगळ्यांनी उतरायचं, मध्ये पाणी भरायला थांबायचं. ज्याला घाई असंल त्यानं एसटी बघावी."

सुकटीची टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी ओरडते, "मंग नवरी कवा निंगाची रं, डायवर?"

"निंगली की सांगतो मावशे, अक्षता तयार ठेव!"

सगळी जीप हसते. पण दोघं-तिघं उतरतातही. उतरणाऱ्याला तुम्ही कधी अडवलं नाही, की तोंड वाकडं केलं नाही. कमी माणसांवर निघायचात.

एक दिवस नीट आठवतो. दवाखान्यातून सुटलेली एक बाई, कान बांधलेले, पदराखाली दोन-तीन दिवसांचं मूल. तिचा नवरा दोन सीटचे पैसे पुढं करतो. तुम्ही म्हणता, तुम्हाला नाही घेत. तो चिडतो. "का? पैसे काय खोटे आहेत आमचे?" तुम्ही तिच्याकडे बघून विचारता, "बाई, चढ चालशील का उन्हात, मूल घेऊन?" ती नवऱ्याकडे बघते. तुम्ही तिची पिशवी उचलता, मला म्हणता, गाडीवर लक्ष ठेव, आणि त्या दोघांना घेऊन एसटीच्या थांब्याकडे चालू लागता. परत यायला वेळ लागतो. तेवढ्यात मागची दोन माणसं उतरून दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसतात. आल्यावर तुम्ही रिकामी जागा बघता आणि माझ्यावरच खेकसता, "तुला बसवलं कशाला होतं इथं?" मी रडवेली होते. दोन मोठ्या माणसांना मी कशी धरून ठेवणार होते? चढाला सगळे उतरले, तेव्हा "तू बस" एवढं म्हणालात.

तुम्हाला उगाच मोठं करायचं नाही मला. ती जीप तुम्ही कधीच नीट दुरुस्त केली नाहीत. हेड उतरवायचं तर ती आठवडाभर उभी राहिली असती, आणि उभ्या जीपवर आपली चूल पेटत नव्हती. आई म्हणायची, एकदाच काय ते करून घ्या. तुम्ही म्हणायचात, पुढच्या महिन्यात. शेवटी त्याच चढावर इंजिन जाम झालं. माणसं आधीच उतरलेली होती, म्हणून कोणाला काही झालं नाही, पण जीप भंगारात गेली आणि तुम्ही दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर राहिलात. त्यानंतर हळदीचा विनोद तुमच्या तोंडून मी ऐकला नाही. नीट दुरुस्ती का करायची, हेही मी तुमच्याकडूनच शिकले, तुम्ही ती केली नाहीत त्यातून.

धाकटा तेव्हा आईच्या कडेवर होता. तुम्ही गेलात तेव्हा शाळेत. त्याला तुम्ही मिळालात ते आमच्या गोष्टींतून. लग्नघरात, हळदीच्या दिवशी, अगदी तुमच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही कोणीतरी ती गोष्ट काढतं: पप्पा, मसाल्याचा डबा, गाडीला हळद. सगळे हसतात. धाकटा सगळ्यात जास्त. गोष्ट पुडी रेडिएटरमध्ये रिकामी झाली की संपते. पायरीवर उभं राहून तुम्ही जे सांगायचात, ते कोणी सांगत नाही. आईला ते माहीत नाही, ती जीपमध्ये कधी बसायचीच नाही. मला माहीत आहे. मी पुढच्या सीटवर होते. पण तो हसत असताना मध्ये काही घालावं असं मला कधी वाटलं नाही. त्याच्या वाट्याला तुम्ही आधीच थोडे आलात, त्यातलं हसणं तरी अख्खं राहू दे.

आता ते सांगावं लागणार. आणि मला माहीत आहे तो काय म्हणेल. म्हणेल, आत्ताच बरं आठवलं तुला. म्हणेल, तुझ्या सोयीनं पप्पांना वापरतेस. माझ्याकडे साक्षीला कोणी नाही. सुकटवाली मावशी कुठली आणायची?

घरी आल्या आल्या मी त्या गाडी घेणाऱ्या मुलाला मेसेज टाकला, गाडीबद्दल बोलायचंय, चहाच्या सुट्टीत फोन कर. आज त्याची दुसरी पाळी आहे. फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं, सात वाजता चहाला बाहेर आला की बघेल. त्याला वाटेल, कागदपत्रांचं काहीतरी असेल. "बोला मॅडम" म्हणेल, नेहमीसारखं. मी सांगेन की इंजिन खराब आहे, औषध घालून झाकलेलं आहे, घाटात नेऊ नकोस. मग तो विचारेल, रविवारचं काय करू? तिकडे सगळ्यांना सांगून झालंय, तिची आई वाट बघतेय. आणि त्यानंतर, लगेच नाही पण कधीतरी, विचारेल की मॅडम, तुम्हाला हे माहीत होतं का. त्याला भाड्याची गाडी करून देता येईल, ते मी बघेन. धाकट्याला म्हणणार आहे, हेड उतरवू दे, अर्धा खर्च माझा, दुरुस्त झालेली गाडी त्या मुलालाच दाखवू, घेतली तर घेतली. धाकटा याला हो म्हणेल असं वाटत नाही.

धाकट्याचाही मेसेज आलाय. "येतोय. तोपर्यंत कोणाला फोन करू नको." गाडीची दुसरी किल्ली त्यानं कधीच हरवलीय. जी आहे ती माझ्यासमोर टेबलावर आहे. म्हणजे तो माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी येतोय.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथं लिहिता येते. धाकट्याला ती सांगणार नाही, त्या मुलालाही नाही. तो आमच्या कंपनीतला नसता, माझ्या नावावर विसंबला नसता, कुठला तरी अनोळखी माणूस येऊन गाडी घेऊन गेला असता, तर आज गॅरेजमध्ये इंजिन थंड झाल्यावर मी रेडिएटरमध्ये पाणी भरून, गाडी गपचूप परत नेऊन लावली असती का? दुपारपासून मी हे स्वतःला विचारतेय, आणि नाही असं ठामपणे म्हणता येत नाही.

खाली बाइक थांबल्याचा आवाज आला. सात वाजायला अजून थोडा अवकाश आहे. धाकटा वर येईल, बसायच्या आधी किल्ली मागेल. मी देणार नाही. तो बोलत राहील, आणि मध्येच फोन वाजेल. तो मी त्याच्यासमोरच उचलणार आहे.