मेंदू काही होईना

२ मार्च
शी. पीएचडीचं सहावं वर्ष म्हणजे नुसता वीट. श्रीविद्या मॅडमनी, म्हणजे गाईडनी, आज बजावलं : महिनाअखेर मोटर न्यूरॉन दाखव, नाहीतर प्रोजेक्ट लॅबमधल्या चंदनाला आणि तुझी पीएचडी बंद. इकडे माझे वडील, अण्णा, आमच्या अख्ख्या बसवनगुडी भागाला मुलगा डॉक्टर होणार म्हणून सांगून बसलेत.
संकल्प : उद्यापासून सकाळी आठला लॅब.

३ मार्च
साडेअकराला पोचलो. ट्रॅफिक.

५ मार्च
काम तसं सोपं. गर्भात सगळ्या पेशी आधी सारख्याच. मग एका बाजूने रसायन पाझरतं. ज्या पेशीला कमी मिळालं ती एका जातीची, जिला जास्त ती मेंदूचा हुकूम पोचवून स्नायू हलवणारी, म्हणजे मोटर न्यूरॉन. मी तेच बशीत करतोय. चंदना शेजारच्या टेबलावर थेंबन्‌थेंब दोनदा मोजते. बघवत नाही. मी अंदाजाने घातलं. आईच्या पोटात कोण पिपेट घेऊन बसलंय?

९ मार्च
बशीत बुरशी. पांढरी, केसाळ, ओंगळ. जेवण गेलं नाही. चंदनाच्या डब्यातल्या डोशाचाच हा प्रताप. ती म्हणते, झाकण तू उघडं टाकलंस. असल्या लोकांच्या तोंडी लागायचं नाही.

११ मार्च
नवी बशी. वेळ कमी म्हणून रसायन डबल. तिप्पटही असेल. बाटलीवरचं लेबल पुसट होतं, म्हणून शेजारच्या बाटलीतलंही थोडं घातलं. काहीतरी लागू पडेलच.

१५ मार्च, रविवार
पेशींचं पाणी बदलायचं होतं. इंदिरानगरला मित्र थांबले होते. पेशी स्वल्प अ‍ॅडजस्ट करतील.

१९ मार्च
पाणी पिवळं पडलंय. घाण दिसतं. आठला लॅबमध्ये जायचा संकल्प सोमवारपासून.

२३ मार्च
हलतंय! मायक्रोस्कोपखाली अख्खा गोळा हलतोय, एका ठेक्यात. स्नायू हलवणाऱ्या पेशी, इतक्या दमदार की स्वतःच हलायला लागल्या. जगात कुणाला जमलं नसेल. अण्णांना फोन केला, ते रडलेच. चंदनाने बघितलं आणि पुन्हा आपले थेंब मोजायला लागली. काय हा जळकेपणा. किळस येते.

२४ मार्च
मॅडम उद्या दिल्लीहून येणार. अण्णा चिकपेटच्या कापडबाजारात जाऊन पदवीदानासाठी सुटाचं कापड घेऊन आले. राखाडी. रंग भिकार आहे, तरी कापड अंगाला लावून बघितलं.

२५ मार्च, संध्याकाळ
मॅडमनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "विराट, मेंदूच्या पेशी धडधडत नाहीत. हे हृदय आहे."
लॅबमधले सगळे तोंड फिरवून हसत होते. चंदना तेवढी हसली नाही, त्याचा जास्त राग आला.
मी म्हटलं, मग हृदयावरच थिसिस लिहितो. आश्चर्य म्हणजे मॅडम तयार झाल्या. हेही चालेल, म्हणाल्या, फक्त पुन्हा करून दाखव. "काय घातलं होतंस, आणि किती?"
लॅबची वही उघडली, तर ११ मार्चचं पान कोरं. ट्रॅफिकवर ढकलता येईना, डोशावर येईना, चंदनावरही येईना. मॅडमनी प्रोजेक्टची फाईल उचलली आणि चंदनाला आत बोलावलं.
घरी आलो तर अण्णा कापडाची पिशवी घेऊन दारातच उभे. शिंपी आठला बंद करतो, म्हणाले. "सरी, बरं झालं आलास, चप्पल काढू नकोस. चल, माप द्यायचंय."
तसाच गेलो, राखाडी सुटाचं माप दिलं.